चवीचा रकाना

अक्का गेली त्याला आता चार महिने होतील. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी तिच्या मोठ्या मुलानं एक कागद माझ्यापुढं ठेवला. आलेल्या लोकांना वाचून दाखवायला तिची थोडक्यात माहिती लिहायची होती. जन्म, माहेर, लग्न, मुलं, हे त्यानं लिहून काढलं होतं. ‘शिक्षण’ या शब्दापुढं जागा मोकळी होती.

“मावशी, आई नेमकी किती शिकली होती? आम्हाला तिनं कधी धड सांगितलंच नाही.”

मी पेनचं झाकण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. शेवटी ‘अकरावीपर्यंत’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवणाऱ्यानं तो शब्द भरकन वाचला आणि पुढं गेला. तेव्हापासून मी हे लिहायचं म्हणते आहे. आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं, फळ्यावर हात कधी अडखळला नाही. इथं मात्र दोन ओळी लिहिल्या की थांबावं लागतं.

आमचं घर परतूरला, रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत. बा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा. माय मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका मारवाडी शेठच्या आडतीवर धान्य निवडायला जायची. आम्ही दोघीच बहिणी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वस्तीतून अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती, आणि अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. मॅट्रिक झाली की परभणीला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घ्यायचं आणि कुठल्या तरी खेड्यातल्या शाळेवर लागायचं, हे घरात इतकं ठरलेलं होतं की माय तिला आधीच ‘बाई’ म्हणायला लागली होती. “बाई, जरा पाणी आणता का?” असं म्हणून हसायची. अक्काला ते आवडायचं. ती घागर उचलताना पदर नीट खोचायची, वर्गात शिरणाऱ्या बाईसारखा.

गावातल्या हायस्कुलात मुलांना शेती किंवा गणित आणि मुलींना गृहशास्त्र असायचं. अक्काला गणित हवं होतं. पण ते मुलांच्या तुकडीला होतं. गृहशास्त्राचा लेखी पेपर असे आणि प्रात्यक्षिकही असे. प्रात्यक्षिकात स्वतंत्र पास व्हावं लागायचं. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती. तिथं शनिवारी स्वयंपाकाच्या बाई चार-चार, पाच-पाच मुलींचे गट करून पदार्थ करायला लावत. शेवटी सगळ्या मुली गोल करून बसत आणि केलेलं खात.

खायचं असल्यामुळं अडचण होती. पहिल्याच शनिवारी बाईंनी ती सोडवली. त्यांनी अक्काला दाराजवळ बसवलं आणि म्हणाल्या, “तुझं अक्षर किती छान आहे गं. तू सगळ्या कृती व्यवस्थित लिहून घे. सगळ्यांच्याच उपयोगी पडतील.” बाई वाईट नव्हत्या. अक्काच्या फीमाफीचा अर्ज त्यांनीच भरून दिला होता. त्या असं काही इतक्या मायेनं सांगत की ऐकणाऱ्याला आपला मान झाला असंच वाटावं. अक्कालाही सुरुवातीला तसंच वाटलं असणार.

ती दाराजवळ बसून लिहायची. मोहरी तडतडल्यावर कांदा किती वेळ परतला, रवा कुठल्या रंगावर आला, पाणी किती वाट्या लागलं, सगळं. शेवटी भांडी घासायची. घासलेल्या भांड्यांवर बाई पुन्हा एक तांब्या पाणी ओतून घेत, मग ती फळीवर जात.

पण अक्काची वही सगळीकडं जायची. परीक्षेच्या आधी वर्गातल्या मुली पाळी लावून ती घरी नेत आणि उतरवून काढत. मोंढ्यातल्या शेठची मुलगी अक्काच्याच वर्गात होती. तिनं तर अख्खी वही शब्दाला शब्द उतरवली. वही परत यायची तेव्हा तिच्यावर हळदीचे डाग असत, एखाद्या पानावर तुपाचा थेंब पसरलेला असे. मी ती पानं नाकाशी धरायची. कधी वेलदोड्याचा वास, कधी हिंगाचा. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर मायला उभं राहावं लागे, त्यांच्या चुलीपाशी अक्काची वही जाऊन बसून आलेली असे. अकरा वर्षांच्या मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मला फक्त भूक लागायची.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. कापूस आलाच नाही, जिनिंग बंद पडलं. मोंढ्यात निवडायला धान्य उरलं नाही. माय आणि बा दोघंही सडकेच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. रेशनवर मिलो मिळायची, लाल ज्वारी. तिच्या भाकरीला कशाचीच चव नसायची. विहिरी आटल्या, पण शाळा चालू होती आणि परीक्षाही ठरल्याप्रमाणं होणार होती.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. जिला जो पदार्थ निघेल त्याचं साहित्य तिनं दुसऱ्या दिवशी घरून आणायचं. शेठच्या मुलीला शिरा निघाला. कुणाला पोहे, कुणाला थालीपीठ. अक्कानं चिठ्ठी उघडली तर साबुदाण्याची खिचडी.

ती घरी आली आणि चिठ्ठी मायच्या हातात दिली. मायला वाचता येत नव्हतं.

“काय निघालं?”

“साबुदाणा.”

“उपासाचं?” मायनं चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. “अगं, आपल्या घरात ते येतच न्हाई.”

ते खरं होतं. दीक्षा घेतल्यावर आमच्या घरानं देव नदीला सोडले आणि त्यांच्याबरोबर उपासही सोडले. माझा जन्म त्यानंतरचा. साबुदाणा मी दुकानाच्या पोत्यात पाहिला होता, तोंडात कधी घातला नव्हता. अक्कानंही नाही.

बा खडीवरून नुकताच आला होता. पायावरची धूळ झटकत म्हणाला, “हे बघ, आपण सोळा वर्षांमागं उपास सोडला, अन् आता बोर्ड म्हणून राह्यलं की धरा. एक दिवस धरू. बोर्डाला नाराज करायचं न्हाई.”

“तुमाला मस्करी सुचून राह्यली,” माय म्हणाली. “दाणं कुठून आणू? शेंगदाणं? तूप?”

“वहीत तेल बी चालतं म्हणून लिहिलंय,” अक्का म्हणाली. “बटाटा असला तर असला.”

माय तशीच उठून मोंढ्याकडं गेली. शेठाणीनं तिला परत पाठवलं नाही. दोन वाट्या साबुदाणा, मूठभर शेंगदाणे, दोन मिरच्या, लहानशा बाटलीत तेल. सगळं वरून मायच्या पदरात सोडलं, आणि वरूनच सांगितलं की भिजत घालायचा, पण बेतानं. माय घरी येईपर्यंत तिच्या ध्यानात ‘भिजत घालायचा’ एवढंच राहिलं.

मायनं तो हरभऱ्यासारखा भिजवला. पातेलंभर पाणी. सकाळी झाकण काढलं तर आत खळ तयार झाली होती. तिनं बोट घातलं, ते गिळगिळीत होऊन वर आलं. ती खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. “मी वाटोळं केलं गं पोरीचं. माझ्या हातानं वाटोळं केलं.”

पण पातेल्यात एकच वाटी होती. दुसरी वाटी मायनं फडक्यात बांधून गाडग्यात ठेवली होती. तिच्यासारख्या बाया घरातलं सगळं धान्य एका वेळी भिजवत नाहीत, ते त्यांच्या हातातच नसतं. त्या सवयीनं अक्का वाचली. तिनं वही उघडली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दाणे धुऊन निथळावेत, पाणी फक्त दाणे बुडतील इतकेच ठेवावे. तिनं तसं केलं. डबा मांडीवर घेऊन बसली आणि सारखं झाकण उघडून बघत राहिली. शाळेत जायच्या वेळेपर्यंत दाणा फुगला, बोटांत दाबला की दबायला लागला.

“बराबर झालं,” ती म्हणाली. त्या दिवसाचं तिचं तोंड मला आठवतं. “माय, बिलकुल वहीत लिहिलंय तसं झालं.”

बिघडलेली खळ टाकून द्यायचा तो काळ नव्हता. मायनं ती मिलोच्या पिठात मळली. त्या दिवशीच्या भाकरी दातांना डिंकासारख्या चिकटत होत्या. बा म्हणाला, “उपास मोडला का धरला, ते बी कळंना.” आम्ही सगळे हसलो. अक्का डबा छातीशी धरून स्टेशनच्या बाजूनं शाळेत गेली.

पत्र्याच्या खोलीत काय झालं ते अक्कानं मला सलग कधीच सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी. उरलेलं मला शेठच्या मुलीकडून कळलं. जालन्याला मी शिकवत होते त्या शाळेत तिची मुलगी होती, आणि ती एकदा मुलीच्या अभ्यासाबद्दल विचारायला आली होती. आडनावावरून तिनं मला ओळखलं. मग मुलीचा अभ्यास बाजूलाच राहिला.

परीक्षक बाई सकाळच्या गाडीनं बाहेरगावाहून आल्या होत्या. त्या दिवशी चतुर्थी होती आणि त्यांना कडक उपास होता. ही बातमी मुलींमध्ये पसरली तेव्हा शेगड्या नुकत्याच पेटत होत्या. चाखणार कोण, असा प्रश्न आला. त्याचा मार्ग लगेच निघाला: स्वयंपाकाच्या बाई चाखतील, त्या सांगतील आणि परीक्षक बाई गुण लिहितील.

शेठच्या मुलीनं अक्काला कोपरानं ढोसलं. “नशीब काढलंस गं! बाईंना उपास, अन् तुझी साबुदाण्याची खिचडी. आमचं कुणाचं त्या तोंडात घालणार नाहीत. तुझंच खातील.”

अक्का हसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत दाराजवळ नव्हती. परीक्षेत प्रत्येकीला आपली शेगडी होती. ज्या कृती तिनं नुसत्या बघितल्या आणि लिहिल्या होत्या, त्यातली एक ती करत होती. शेठची मुलगी मला म्हणाली, “तिचा हात पाहून कुणी म्हटलं नसतं की ही पहिल्यांदा करतीये. एकही दाणा दुसऱ्याला चिकटला नव्हता. माझ्या शिऱ्यात गुठळ्या होत्या.”

परीक्षक बाई टेबलांवरून फिरू लागल्या. हातात एक तक्ता. त्यात मांडणी, स्वच्छता, कृती, चव, वाढणी असे रकाने, आणि डावीकडं मुलींची नावं. ज्यांना फीची सवलत होती त्यांच्या नावापुढं शाळेनं लाल शाईनं खूण केलेली. मागं आमच्या स्वयंपाकाच्या बाई, हातात चमचा आणि पाण्याचा पेला. एक घास, चमचा पाण्यात, पुढचं टेबल. शेठच्या मुलीच्या शिऱ्याला त्यांनी मान डोलावली. मग अक्कापाशी आल्या.

आमच्या बाई चमचा पेल्यात ठेवून थांबल्या. “ही उपासाचीच आहे. ही आपल्यालाच चालेल.”

परीक्षक बाईंनी ताटलीकडं बघितलं. “छान मोकळी झालीये.” मग तक्त्यात नाव बघितलं. पुन्हा ताटलीकडं. “घरी करता वाटतं नेहमी?”

इथं अक्का ‘हो’ म्हणाली असती तर काय झालं असतं, यावर मी कधी काळी खूप विचार केला. आता करत नाही. नाव त्यांनी वाचलेलं होतं.

“न्हाई बाई,” अक्का म्हणाली. “आमच्यात उपास न्हाईत. सोडलेत.”

“मग शिकलीस कुठं?”

“वहीतून.”

“असं.” परीक्षक बाई आमच्या बाईंकडं वळल्या. “तुम्हीच घ्या ना. सकाळपासून पोटात काही नाही, एकदम तेलकट नको वाटतं.”

“अहो, माझं तोंड पोह्यांनी उष्टं झालंय. उपासाच्या पदार्थाला उष्टं तोंड कुठं लावू? आपणच घ्या.”

“नको, नको. तुम्हीच.”

“छे, आपला मान.”

दोघीही हसत होत्या. पंगतीत दोन बायका एकमेकींना आग्रह करतात तसं ते दिसत होतं, असं शेठची मुलगी म्हणाली. अक्का ताटली दोन्ही हातांत घेऊन मधे उभी. ज्या बाजूला बोलणं जाई त्या बाजूला ती ताटली थोडी सरकवायची.

“बरं, राहू द्या. नंतर बघू,” परीक्षक बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

नंतर त्यांना मुख्याध्यापकांच्या घरून केळी आणि दाण्याचे लाडू आले. ते खाऊन त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या. जाण्याआधी तक्ता टेबलावर पालथा पडला होता तो शेठच्या मुलीनं उचलून बघितला. अक्काच्या नावापुढं सगळे आकडे होते. चवीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

“मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं,” ती मला म्हणाली. “आमच्या बाईंना नुसतं म्हटलं असतं तरी. पण माझं चाखून झालं होतं ना.” ती हातातली पर्स उघडत-मिटत राहिली. “आपलं झालं की माणसाला दुसऱ्याचं आठवतच नाही बघा.”

शेठची मुलगी पास झाली. त्याच वर्षी तिचं लग्न झालं. मॅट्रिकचा कागद तिला कधी कुणाला दाखवावा लागला नाही.

मला त्या दुपारबद्दल माझं स्वतःचं जे आठवतं, ते इतकंच. मी वस्तीच्या तोंडाशी अक्काची वाट बघत उभी होते. बाकीच्या मुली आधी गेल्या. त्यांच्या हातात झाकलेल्या ताटल्या होत्या. एकीनं झाकण उघडून दाखवलं, पोह्यांत चमच्याचा खड्डा होता. मग अक्का आली. तिच्या ताटलीवरचं फडकं मी ओढलं. खिचडी जशीच्या तशी होती, वरून शेंगदाण्याचं कूट, कोथिंबिरीऐवजी मिरचीचे बारीक तुकडे. कुणीही हात न लावलेली. भरलेली.

मला वाटलं, ही पहिली आली. दुसऱ्यांच्यातलं बोर्डानं काढून घेतलं आणि हिला सगळंच्या सगळं परत दिलं. मी गल्लीतून ओरडत पळाले, “आमची अक्का पास झाली! सगळं ताट भरून दिलं!” शेजारच्या म्हाताऱ्या आत्यानं दारातून विचारलं, “खरंच का गं?” आणि मी म्हटलं, “डोळ्यानं बघा!” माय खडीवरून आलेली होती. तिनं तर अक्काच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

 अक्कानं ताटली माझ्यापुढं ठेवली आणि समोर उकिडवी बसली.

मी खायला लागले. त्या वर्षभरात असं काही तोंडात गेलं नव्हतं.

“मीठ बराबर हाय का?” तिनं विचारलं.

“हां.”

“तिखट?”

“हां.”

“शेंगदाणं कच्चं न्हाईत लागत ना? नीट सांग. हळू खा, अन् सांग.”

मी मान हलवत होते. माझं लक्ष मायकडं होतं; ती येऊन वाटा मागील की काय याची भीती होती. मी ताटली बोटानं पुसून चाटली. अक्का माझ्याकडं बघत होती. तिला अजून काही विचारायचं होतं, पण ताटलीत काही उरलं नव्हतं.

निकाल जूनमध्ये लागला. लेखी सगळ्या विषयांत ती पास होती. गृहशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास, आणि म्हणून मॅट्रिक नापास. बा त्या दिवशी खडीवर गेला नाही. धुतलेला सदरा घालून मुख्याध्यापकांकडं गेला, मला बरोबर घेऊन. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभा राहिला.

“सर, पोरीची खिचडी कुणी चाखलीच न्हाई म्हणते. चाखलीच न्हाई तर नापास कशी?”

मुख्याध्यापक खुर्चीतून उठले, हे खरं आहे. “बसा, बसा. मला पण वाईट वाटलं हो. एवढी हुशार मुलगी. पण एक जरी रकाना मोकळा असला की सगळ्या प्रात्यक्षिकालाच शून्य धरतात, तो नियम आहे. आपल्या हातात नाही. ऑक्टोबरला पुन्हा बसवा. एकच विषय, सहज निघेल.”

“ऑक्टोबरला चाखतील?”

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला. “तेव्हा दुसरे परीक्षक असतील.”

बानं घरी येऊन हे सगळं सांगितलं. फॉर्म भरायचा खर्च तो करणार होता. माय म्हणाली, “भर बाई, भर. चार महिन्यांची गोष्ट.” अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “लेखी असतं तर धा बार लिहिलं असतं बा. पण दुसरे हात कुठून आणू?”

 दोन दिवसांनी ती मायबरोबर खडीवर गेली. तिचं लिहितं बोट पहिल्याच आठवड्यात हातोडीखाली सापडलं. नख काळं होऊन गळून पडलं, नवं आलं ते वाकडं आलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न टेंभुर्णीला झालं.

मी आठवीत गेले तेव्हा विषय निवडायचे होते. अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिनाही झाला नव्हता. मायनं नको म्हटलं तरी ती लेकरू पदराखाली घेऊन माझ्याबरोबर शाळेत आली. तेच मुख्याध्यापक होते. त्यांनी तिला ओळखलं आणि नजर माझ्या दाखल्याकडं वळवली.

“सर,” अक्का म्हणाली, “हिला स्वयंपाक देऊ नका. जे कागदावर तपासतात, तेच द्या.”

“मुलींना गृहशास्त्रच—”

“हिला गणित द्या. न्हाई तर मी हिला इथून उठवून नेते.”

मी तिचा तसा आवाज आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मला गणित मिळालं. मुलांच्या तुकडीत मी एकटी मुलगी. पुढं मी पदवीपर्यंत गेले, मास्तरीण झाले. अक्काला जे व्हायचं होतं ते मी झाले, हे मला ठाऊक होतं, तिलाही होतं.  मी बोर्डाचे पेपर तपासायला जायची तेव्हा उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक असायचा. कुणाचं नाव नाही, हात नाही. मला त्या आकड्यांचा मोठा आधार वाटायचा. वाटायचं, अक्काला इथं आणून दाखवावं.

टेंभुर्णीला तिनं शेतातली कामं केली. चार मुलं शिकवली. स्वयंपाक तिचा साधा होता, पण एक सवय होती: तव्यावरून भाकरी उतरली की जेवणाऱ्याच्या समोर बसायची आणि पहिला घास गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघायची. “कशी झाली?” तिच्या मुलांना ते चेष्टेचं वाटे. “आई, रोजचीच भाकर हाय, रोजच्यासारखीच झाली,” मुलं म्हणायची. साबुदाणा तिनं घरात कधी आणला नाही.

शेवटच्या आजारपणात ती जालन्याला दवाखान्यात होती. जेवण जात नव्हतं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि तिनं माझा हात धरून थांबवला.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार की.”

“त्या दिवशी मीठ कमी पडलं होतं का?”

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही. तिचे केस पांढरे झाले होते, आणि ती हे अजून मनात घेऊन होती. आपल्याला नापास कुणी केलं हे तिला कळत नव्हतं असं नाही. बाईंचं ते आग्रहाचं हसणंही तिला चांगलं कळलं होतं. तरीही खाली कुठं तरी एक शंका उरली होती, की कदाचित आपल्याच हातून काही राहिलं असेल. कुणी चाखलं असतं तर ती मिटली असती, असा किंवा तसा निकाल लागून.

“नाही गं,” मी म्हणाले. “मीठ बराबर होतं.”

“तिखट?”

“तेही. सगळं बराबर होतं. दाणा न् दाणा मोकळा होता.”

“तू तर ताटली चाटली व्हतीस,” ती म्हणाली आणि थोडी हसली. मग मान उशीवर टेकली. “मंग ठीक.”

तिला बरं वाटलं असावं. मी पेज परत ढवळायला लागले.

मी तिला खोटं सांगितलं. मीठ कमी होतं की जास्त, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. मी घास चावलेसुद्धा नसतील. तिच्या सगळ्या प्रश्नांना मान हलवताना माझं लक्ष वाटा मागायला कोणी येतंय का याकडं होतं, आणि मला फक्त भूक आठवते, ताटलीचा थंड पत्रा आठवतो, समोर उकिडवी बसलेली ती आठवते. खिचडीची चव आठवत नाही. चार महिने मी ती आठवायचा प्रयत्न करते आहे.